काँक्रीटच्या नाडीवर ध्वनिलहरींचे बोट

लोहारा (जि. यवतमाळ) : दारव्हा मार्गावरील लोहारा आता यवतमाळ शहराला जवळजवळ चिकटले आहे. औद्योगिक वसाहत, डेनिम कापडाचा कारखाना, अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था आणि या सर्वांच्या आधाराने वाढत गेलेल्या वस्त्या असे त्याचे आजचे रूप आहे. अशा वाढत्या वस्तीत उन्हाळा हा बांधकामाचा हंगाम असतो. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर छत यावे म्हणून एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब टाकण्याची घाई उडते. स्लॅब टाकून झाला की घरमालक, मिस्त्री आणि ठेकेदार या तिघांपुढे एकच प्रश्न उरतो. सेंट्रिंग कधी काढायचे?

या प्रश्नाचे उत्तर विदर्भात, किंबहुना महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, दिनदर्शिका देते. कधी प्लेटांचे भाडे देते, तर कधी घरातल्या लग्नाची तारीख. काँक्रीटला मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक ते विचारण्याचे साधन उपलब्ध आहे आणि ते नवेही नाही. काँक्रीटमधून श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजेच अल्ट्रासाऊंड, पाठवून त्याची अवस्था जोखण्याचे प्रयोग १९४० च्या दशकातच कॅनडा आणि ब्रिटनमध्ये झाले होते. भारतीय मानक ब्युरोनेही १९९२ मध्ये या चाचणीसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. एवढे असूनही यवतमाळ जिल्ह्यातील सामान्य घराच्या स्लॅबपर्यंत ही चाचणी पोहोचलेली नाही. ती का पोहोचली नाही आणि पोहोचली तर नेमके काय साध्य होईल, याचा विचार या जिल्ह्यात व्हायला हवा. कारण सिमेंट ही या भूमीला परकी वस्तू नाही.

जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी आणि झरी-जामणी तालुक्यांत, चुनखडकाचे विस्तीर्ण साठे आहेत. राजूरच्या चुनाभट्ट्या त्याच दगडावर चालत आल्या. मुकुटबन येथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ पासून उत्पादन घेत आहे. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही अशी सिमेंट कारखान्यांची रांगच आहे. राज्यातील सिमेंटचा मोठा भाग याच पट्ट्यातून येतो. ज्या राज्यात १९८२ मध्ये सिमेंटच्या कोट्याने एका मुख्यमंत्र्याचे पद घालवले, त्या राज्यात सिमेंट मिळवण्यासाठी आता कोणाच्या दारी जावे लागत नाही. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णपणे. टंचाई संपली. मात्र मिळालेले सिमेंट वापरावे कसे, याविषयीची सावधगिरी त्या प्रमाणात वाढली असे म्हणता येणार नाही.

सिमेंट वाळत नाही, घडते

सिमेंट 'वाळते' असा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ त्यातच आहे. सिमेंट वाळून कडक होत नसते. त्याच्या कणांची पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होते आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा नवा पदार्थ तयार होतो. हा पदार्थ रेती आणि गिट्टीच्या कणांना एकमेकांशी जखडतो. पाणी मिसळल्यानंतर सुरुवातीचे काही तास ही प्रक्रिया जणू थांबल्यासारखी मंद असते. म्हणूनच माल कालवणे, वाहून नेणे आणि ओतणे शक्य होते. त्यानंतर ती वेग घेते, उष्णता बाहेर पडते, माल आकार धरतो आणि मग दिवसेंदिवस कठीण होत जातो. पहिल्या टप्प्याला 'सेट होणे' आणि पुढच्या टप्प्याला 'कठीण होणे' म्हणतात. सेट झालेले काँक्रीट बोटाने दबत नाही, परंतु त्याच्यात भार पेलण्याचे बळ आलेले असतेच असे नाही. लोहाऱ्यात काय किंवा लातुरात काय, अपघात याच दोन टप्प्यांमधल्या काळात घडतात.

सेट होण्याचा काळ मोजण्याची प्रचलित पद्धत विकाट यंत्राची आहे. ठरावीक वजनाची सुई सिमेंटच्या लगद्यात किती खोल जाते, यावरून प्रारंभिक आणि अंतिम काळ ठरवला जातो. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी प्रारंभिक काळ ३० मिनिटांपेक्षा कमी आणि अंतिम काळ ६०० मिनिटांपेक्षा जास्त असू नये, असे भारतीय मानक सांगते. कठीण होण्याचे माप मात्र १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर, म्हणजे 'क्यूब'वर, घेतले जाते. हे ठोकळे पाण्यात ठेवून २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. या दोन्ही चाचण्यांची उपयुक्तता वादातीत आहे, पण दोहोंना एक मर्यादा आहे. सुईची चाचणी काही तासांतच संपते आणि ती केवळ लगद्यावर होते, प्रत्यक्ष काँक्रीटवर नाही. ठोकळा फुटतो तो २८ व्या दिवशी. सेंट्रिंग काढण्याचा निर्णय या दोहोंच्या मध्ये, तिसऱ्या, सातव्या वा चौदाव्या दिवशी घ्यावा लागतो. शिवाय प्रयोगशाळेतला ठोकळा २७ अंशांच्या पाण्यात सुखेनैव पडून असतो, तर यवतमाळचा स्लॅब मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात तापत असतो. त्या ठोकळ्याच्या बळावरून या स्लॅबचे बळ ठरवणे कितपत योग्य, हा प्रश्न अभियंत्यांनाही नेहमी पडतो.

ध्वनिलहरींची पद्धत नेमकी याच ठिकाणी उपयोगी पडते. तिचे तत्त्व सोपे आहे. काँक्रीटच्या एका बाजूला लहर सोडणारा आणि दुसऱ्या बाजूला ती टिपणारा असे दोन संवेदक लावायचे, मध्ये ग्रीस किंवा जेलीचा थर द्यायचा आणि लहरीला पलीकडे पोहोचण्यास किती वेळ लागला ते मोजायचे. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. बांधकामाच्या चाचणीत सामान्यतः ५४ किलोहर्ट्झच्या लहरी वापरतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने त्या ऐकू येत नाहीत. उत्तम, घट्ट काँक्रीटमधून लहर सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वेगाने जाते. म्हणजे १५ सेंटीमीटर जाडीचा थर ती सुमारे ३३ मायक्रोसेकंदांत ओलांडते. आत पोकळी, भेग किंवा कच्चा भाग असेल तर लहरीला वळसा घालावा लागतो आणि वेग घटतो. १९९२ च्या मानकाने साडेचार किलोमीटरच्या वर 'उत्कृष्ट', साडेतीन ते साडेचार 'चांगले', तीन ते साडेतीन 'मध्यम' आणि त्याखाली 'संशयास्पद' अशी वर्गवारी केली होती. २०१८ मध्ये हे मानक सुधारून नव्या क्रमांकाखाली आणले गेले आणि निकषांतही बदल झाले.

ही झाली कडक झालेल्या काँक्रीटची गोष्ट. ताज्या मालात काय घडते हे त्याहून रंजक आहे. नुकत्याच कालवलेल्या मालात लहरीचा वेग इतका कमी असतो की तो साध्या पाण्यातील वेगाच्याही, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४८० मीटरच्याही, खाली जातो. पाणी आणि दगड यांच्या मिश्रणात लहर पाण्यापेक्षाही मंद चालावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. याला कारण मालात अडकलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे. माल पातळ असतो तोवर हे बुडबुडे लहरीचा जोर शोषून घेतात. पुढे सिमेंटच्या कणांभोवती नव्या पदार्थाचे धागे वाढू लागतात, ते एकमेकांना भिडतात आणि मालाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घन पदार्थाची सलग वाट तयार होते. त्या क्षणापासून वेगाचा आलेख झपाट्याने चढू लागतो. सुरुवातीला १० सेंटीमीटरसाठी २०० मायक्रोसेकंद घेणारी लहर पूर्ण घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये तेच अंतर २५ मायक्रोसेकंदांत कापते. हा आलेख म्हणजे सिमेंटच्या घडणीची अखंड नोंदच होय. सुई टोचावी लागत नाही, ठोकळा फोडावा लागत नाही.

जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठात हान्स-वोल्फ राइनहार्ट आणि क्रिस्तियान ग्रोसे यांनी १९९० च्या दशकापासून याच आलेखावर काम केले. दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये इंग्रजी 'यू' आकाराचा रबरी फोम, त्या खोबणीत ताजा माल आणि दोन्ही पाट्यांना संवेदक अशी त्यांची मांडणी होती. फोम एवढ्यासाठी, की लहर साच्यातून आडमार्गाने पलीकडे जाऊ नये. साहित्य व बांधकामविषयक 'रिलेम' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने या पद्धतींचा सविस्तर अहवाल २००५ च्या सुमारास पूर्ण केला.

दुसरी वाट अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात भारतीय वंशाचे प्राध्यापक सुरेंद्र शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोखाळली. त्यांनी आडव्या कंपनाच्या लहरी वापरल्या. या लहरींचे वैशिष्ट्य असे, की त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. पोलादी पाटीवर काँक्रीट ओतलेले असेल आणि पाटीच्या खालून अशी लहर सोडली, तर काँक्रीट पातळ असेपर्यंत ती सगळीच्या सगळी परत येते. काँक्रीट घट्ट होऊ लागले की तिचा काही भाग आत शिरतो आणि परतणारा अंश कमी होतो. किती कमी झाला, यावरून काँक्रीट किती घट्ट झाले ते कळते. यात दोन्ही बाजूंनी हात पोहोचण्याची गरज नसते, एक बाजू पुरते. या संशोधनात सहभागी असलेले कोल्लुरू सुब्रमण्यम पुढे हैदराबादच्या आयआयटीत अध्यापन करू लागले, त्यामुळे हे ज्ञान सातासमुद्रापारचे आहे असेही म्हणता येत नाही.

या पद्धतीचे विदर्भाशी जुळणारे एक अंग आहे. सेंट्रिंगसाठी फळ्यांऐवजी आता लोखंडी प्लेटाच सर्रास वापरल्या जातात. म्हणजे काँक्रीटला खालून लागलेले पोलाद स्लॅबखाली आधीच असते. अर्थात भाड्याने मिळणाऱ्या प्लेटा पातळ असतात आणि परतणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सुमारे सेंटीमीटरभर जाडीचा पोलादी तुकडा लागतो. तो मुद्दाम बसवावा लागेल. हे अवघड काम नव्हे. मात्र ते करून पाहण्याची इच्छा कोणा संस्थेला व्हायला हवी.

चुकलेल्या अंदाजाची किंमत

काँक्रीटचे वय दिवसांवर मोजण्याची किती किंमत मोजावी लागते, याची उदाहरणे परदेशात आहेत तशी महाराष्ट्रातही आहेत. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात बेलीज क्रॉसरोड्स येथे २ मार्च १९७३ रोजी बांधकाम सुरू असलेली उंच इमारत कोसळून १४ कामगार मृत्युमुखी पडले. वरच्या मजल्यांखालचे टेकू वेळेआधी काढल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २७ एप्रिल १९७८ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्याचे काम सुरू होते. दररोज एक थर ओतायचा आणि आदल्या थराच्या आधारावर मचाण चढवायचे अशी तेथील पद्धत होती. आदल्या दिवशी ओतलेला थर थंडीमुळे पुरेसा कठीण झाला नव्हता. मचाण त्याच्यासह निसटले आणि ५१ कामगार खाली पडून ठार झाले. दिवस पुरा झाला होता, काँक्रीट पुरे झाले नव्हते. तापमान आणि काळ यांचा एकत्रित हिशेब ठेवणाऱ्या 'परिपक्वता' पद्धतीला अमेरिकेत मान्यता मिळण्यास या दुर्घटनेची चौकशी मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. १९८७ मध्ये तिचे मानक निघाले.

ठाण्याजवळ शिळफाटा परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला, तेव्हाही वरच्या मजल्याचे काम चालू होते आणि खाली माणसे राहायला आली होती. ती दुर्घटना केवळ काँक्रीटच्या कच्चेपणाची नव्हती. निकृष्ट साहित्य, परवानगीचा अभाव, अधिकाऱ्यांची डोळेझाक हे सारे त्यात होते. परंतु मजल्यावर मजला चढवण्याच्या त्या गतीला आव्हान देणारे एकही मोजमाप कोठे झाले नव्हते, हेही तितकेच खरे.

भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) सेंट्रिंग काढण्याचे किमान दिवस सांगते. उभ्या बाजूंसाठी १६ ते २४ तास, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे टेकू १४ आणि त्यापुढे २१ दिवस. अनेक मिस्त्रींना हे आकडे मुखोद्गत असतात. परंतु हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल अशा परिस्थितीसाठी दिलेले आहेत, ही अट तितकीशी कोणाच्या लक्षात राहत नाही. आज ग्रामीण भागातील दुकानांत मिळणाऱ्या पोत्यांपैकी बरीचशी पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेल्या सिमेंटची असतात. मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. हे सिमेंट हलके किंवा भेसळीचे आहे असा समज चुकीचा आहे. दीर्घकालीन बळ आणि टिकाऊपणा या दृष्टीने ते उत्तम असते. पण सुरुवातीच्या दिवसांत त्याचे बळ सावकाश वाढते. सिमेंटची जात बदलली, दिवसांचा आकडा मात्र मिस्त्रीच्या तोंडी तोच राहिला. २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती आणि चुनखडक मिसळलेल्या नव्या सिमेंटसाठीही भारतीय मानक निघाले आहे. कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी अशी मिश्र सिमेंटे वाढतच जाणार. प्रत्येकाची चाल निराळी. अशा वेळी एकच कोष्टक किती काळ पुरणार?

तापमानाचा हिशेबही असाच फसवा आहे. परिपक्वता पद्धतीतील सर्वांत साध्या सूत्रानुसार, तापमानात दहा अंश मिळवून त्याला तासांनी गुणले की काँक्रीटची 'कमाई' कळते. सरासरी ४० अंश असताना तीन दिवसांत ३,६०० अंश-तास होतात. तीच कमाई २० अंशांच्या हिवाळ्यात करायला पाच दिवस लागतात. म्हणजे उन्हाळा बांधकामाच्या बाजूचा असे वाटू शकेल. प्रत्यक्षात उन्हाळ्यात लवकर मिळालेल्या बळाची भरपाई नंतर करावी लागते, कारण तापून घाईने घडलेल्या काँक्रीटचे अंतिम बळ कमी राहते. त्याहून मोठी अडचण पाण्याची. काँक्रीटमधील ओलावा ठरावीक मर्यादेखाली गेला की रासायनिक प्रक्रिया जवळपास थांबते. तापमान कितीही असो, घड्याळ कितीही पुढे सरको, बळ वाढत नाही.

आणि पाणी हाच यवतमाळचा दुखरा विषय. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराची तहान भागवणारी दोन्ही धरणे आटली आणि नळाला पाणी यायला आठवडे लागू लागले. पिण्याला पाणी नसताना स्लॅबवर कोण मारणार? आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला आणि कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा द्यायचा असतो. मिश्र सिमेंटसाठी तर १४ दिवसांची शिफारस आहे. टँकरच्या पाण्यावर बांधकाम करणाऱ्या कुटुंबासाठी या १४ दिवसांचा अर्थ पैशात मोजावा लागतो. सुतळीच्या गोण्या ओल्या करून अंथरणे, वर प्लास्टिकचे कापड झाकणे, सकाळऐवजी संध्याकाळी माल ओतणे हे उपाय स्वस्त आहेत आणि प्रभावी आहेत. परंतु त्यांनी नेमके किती काम केले, हे सांगणारे मोजमाप नसल्याने ते मिस्त्रीच्या मर्जीवर राहतात. परिपक्वता पद्धत केवळ उष्णता मोजते, तिला कोरडेपणा दिसत नाही. ध्वनिलहरी मात्र काँक्रीटच्या प्रत्यक्ष अंतरंगातून जात असल्याने घडण थांबली की त्यांच्या वेगाची वाढही थांबते. दुष्काळी भागासाठी हा फरक लहान नाही.

दोन थरांचे बांधकाम

आज जिल्ह्यात बांधकामाचे सरळसरळ दोन थर पडलेले आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. यवतमाळवरून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग काँक्रीटचा झाला. अशा कामांवर कंत्राटदाराची प्रयोगशाळा असते, संगणकावर चालणारे मिश्रण यंत्र असते, ठोकळ्यांची नोंदवही असते आणि शंका आल्यास ध्वनिलहरींची चाचणीही होते. राज्याकडे नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाची दक्षता व गुणनियंत्रण यंत्रणा आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून कार्यरत आहे आणि धरणांच्या काँक्रीट व दगडी बांधकामाची ध्वनिलहरींनी तपासणी करण्याचा त्याचा अनुभव दांडगा आहे.

दुसऱ्या थरात घरकुले आणि मध्यमवर्गीयांची घरे येतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्याच्या स्लॅबला साधारण तीन घनमीटर काँक्रीट लागते. आयएस ४५६ च्या कोष्टकानुसार एवढ्या कामासाठीही एक नमुना, म्हणजे तीन ठोकळे, घ्यायला हवेत. ते किती घरकुलांवर घेतले जातात, हे गावोगावच्या मिस्त्रींना विचारले तरी पुरे. या योजनेत अनुदानाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर मिळतो आणि टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून स्थळ नोंदवणारे छायाचित्र लागते. भ्रष्टाचार रोखण्यासाठी ही व्यवस्था चांगली आहे. परंतु छायाचित्रात स्लॅब दिसतो, त्याचे बळ दिसत नाही. पुढचा हप्ता लवकर मिळावा म्हणून घाई करणाऱ्या लाभार्थ्याला दोष तरी कसा द्यावा?

मुंबई महापालिका कायद्यात ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे आणि त्या तपासणीत ध्वनिलहरींची चाचणी नेहमीची झाली आहे. म्हणजे इमारतीच्या म्हातारपणी हे यंत्र हमखास येते. ती तीन दिवसांची असताना, जेव्हा यंत्राच्या सांगण्यावरून निर्णय बदलता आला असता, तेव्हा ते कोठेच नसते. १९९२ च्या आणि २०१८ च्या मानकांचा रोखही कडक झालेल्या काँक्रीटवरच आहे.

यावर यंत्रे वाटून टाका, असा सोपा उपाय सुचवण्याचा मोह होतो. तो टाळावा लागेल. ध्वनिलहरीचा वेग म्हणजे काँक्रीटचे बळ नव्हे. दोहोंचे नाते गिट्टीवर, ओलाव्यावर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर अवलंबून असते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस या पश्चिम भागात काळ्या बेसाल्टची गिट्टी वापरतात, तर वणीकडे खडकाचा प्रकारच बदलतो. एकाच बळाच्या दोन काँक्रीटांत केवळ गिट्टीमुळे वेग निराळा येऊ शकतो. युरोपातील गोटे वापरून काढलेला आलेख येथे चालणार नाही. लहरीच्या मार्गात समांतर सळाख आली तर वेग खोटा वाढतो, कारण पोलादात लहर अधिक जलद चालते. ओले काँक्रीट कोरड्यापेक्षा काही टक्के जास्त वेग दाखवते. शिवाय सुरुवातीला झपाट्याने चढलेला वेग काही दिवसांत स्थिरावतो, तेव्हा बळ मात्र वाढतच असते. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत ही चाचणी जितकी बोलकी, तितकी पुढे राहत नाही. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला, तेव्हा आदल्याच वर्षी झालेल्या तपासणीत तो सुस्थितीत ठरवलेला होता. तो पूल पोलादी सांगाड्याचा होता, विषय निराळा होता. परंतु तपासणीचा कागद आणि तपासणी यांत किती अंतर असू शकते, ते तेथे दिसले.

त्यामुळे पहिली गरज आहे ती स्थानिक आलेखाची. यवतमाळची गिट्टी, पैनगंगा किंवा वर्धेची रेती, दुकानात मिळणारे राखमिश्रित सिमेंट आणि मे महिन्याचे तापमान घेऊन एकाच वेळी ठोकळेही फोडायचे आणि लहरींचा वेगही मोजायचा. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. काही ठोकळे पाण्यात, काही गोणपाटाखाली, काही उघड्या उन्हात. शासकीय तंत्रनिकेतन शहरात आहे, लोहाऱ्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरचे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान फार दूर नाहीत. एका उन्हाळ्याचे आणि एका हिवाळ्याचे काम आहे. त्यातून प्रत्येक घरकुलावर यंत्र नेण्याची गरजही उरणार नाही. राखमिश्रित सिमेंटचा स्लॅब गोणपाटाखाली किती दिवसांत टेकू सोडण्याइतका होतो आणि उघड्या उन्हात किती दिवसांत, एवढे दोन आकडे जरी या मातीतून निघाले, तरी ते पंचायत समितीच्या भिंतीवर लावता येतील आणि ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात शिकवता येतील. यंत्र लागेल ते शंकेच्या ठिकाणी, मोठ्या गाळ्याच्या स्लॅबवर, किंवा सातव्या दिवशी काढायचे टेकू चौथ्या दिवशी काढण्याचा आग्रह कोणी धरलाच तर.

तूर्तास सेंट्रिंगच्या प्लेटांचे भाडे दिवसावर आकारले जाते. जास्त दिवस प्लेटा ठेवणाऱ्याला जास्त पैसे मोजावे लागतात आणि लवकर सोडणाऱ्याचे पैसे वाचतात. स्लॅबचे टेकू सात दिवस ठेवायचे की चौदा, हे ठरवताना यवतमाळच्या वस्त्यांत आज सर्वाधिक वजन याच हिशेबाला आहे.